निष्ठा तपासणारा वीतभर साप

रविवारची प्रार्थना संपून तास झाला, तरी टकर्स बेंडच्या चर्चमागचं अंगण हलायला तयार नव्हतं. तळलेली कोंबडी गार पडत होती, मक्याच्या पावावर माश्या बसत होत्या आणि अख्खं गाव एका लोणच्याच्या बरणीभोवती टाचा उंचावून उभं होतं. बरणीत ओलं शेवाळ होतं आणि शेवाळात जजसाहेब होते.

जजसाहेब म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाडीचा, वीतभर लांब, राखाडी साप. गळ्याभोवती पिवळं कडं.

"कडं कसलं, ही लग्नाची अंगठी!" गावोगाव प्रवचनं करत फिरणारा ब्रदर थर्लो गरजला. "निष्ठावंत हात लागला तर जजसाहेब स्वस्थ. मन चळलेलं असेल तर शेपूट लालेलाल! सहा महिने यांच्या पोटात अन्नाचा कण नाही. नुसत्या प्रार्थनेवर जगतात!"

न्हावी ऑर्विल टिबेट्स पहिल्या रांगेत होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं होतं, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नॅडीनशी, येत्या शनिवारी. पाच वर्षं मनधरणी केल्यावर ती हो म्हणाली होती, आणि त्या होकारावर बापड्याचा अजून विश्वास बसत नव्हता. म्हणूनच तर तो तिला इथे घेऊन आला होता.

"ब्रदर, यांना खायला काय घालता?" नॅडीनने विचारलं.

"सांगितलं ना, सिस्टर. प्रार्थना."

"मग शी कसली करतात?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ब्रदरचं तोंड आंबट झालं. बरणीतला साप मुठीत धरून त्याने तिच्या तळहाताला टेकवला. त्याबरोबर शेपूट मळसूत्रासारखं वळलं आणि त्याची खालची लालभडक बाजू सगळ्यांना दिसली.

बायका किंचाळल्या. ऑर्विल एक पाऊल मागे सरकला.

"तुझं काय म्हणणं, ऑर्विल?" नॅडीनने विचारलं.

"लग्न... जरा पुढे ढकलू या का?"

नॅडीन तडक निघून गेली.

त्या आठवड्यात गावाला वेड लागलं. पोस्टमास्तरने बायकोला तपासून घेतलं, बायकोने पोस्टमास्तरला. दोघंही लाल निघाले आणि पोस्टमास्तर पोस्टातच झोपायला लागला. म्हाताऱ्या मिसेस क्लोपरने तर वारलेल्या नवऱ्याचा बूट आणून टेकवला. बूटही लबाड निघाला. ऑर्विलच्या वस्तऱ्याने गिऱ्हाइकांचे कान सोलवटत होते.

पुढच्या रविवारी नॅडीन आली ती बादली घेऊन. बादलीत ओल्या पानांखाली पाच जजसाहेब!

"ओढ्याकाठी दगडांखाली मिळाले. अर्धा तास लागला," ती म्हणाली. "उरलेलं हायकोर्ट तिथेच आहे."

तिने पेन्सिलीने एकाला हलकेच टोचलं. शेपूट लाल. दुसऱ्याला टोचलं. लाल.

"आता सांगा, ही पेन्सिल कुणाच्या नवऱ्याबरोबर पळाली?"

मग एकाला तिने उघड्या तळहातावर घेतलं आणि वरून पान झाकलं. तो गप पडून राहिला.

"दाबलं की हा घाबरतो, आणि घाबरला की लाल दाखवतो. ब्रदर मुठीतल्या मुठीत चिमटा काढतात, एवढाच न्यायनिवाडा."

"आणि सहा महिन्यांचा उपास?" ब्रदर ओरडला.

ब्रदरने जाहिरातीसाठी चर्चच्या दारावर चिकटवलेला जजसाहेबांचा मार्चमधला फोटो नॅडीनने काढून आणला. "यातल्या जजसाहेबांचं कडं मधोमध तुटलेलं आहे. आजच्यांचं अखंड. यांनी दुसरं लग्न केलं का?"

अंगण हसून लोटपोट झालं. नॅडीन मात्र हसली नाही. "रानातून धरलेला साप भीतीने खात नाही. बरणीतच मरतो, मग हे नवा आणतात. प्रार्थनेवर एकही जगला नाही. सगळे उपाशी मेले."

ब्रदर थर्लो गाडीकडे असा पळाला की टोपी टेबलावरच राहिली.

"म्हणजे माझा हर्बर्ट निर्दोष?" मिसेस क्लोपरने डोळे पुसत विचारलं.

"निदान त्याचा बूट तरी नक्कीच, मिसेस क्लोपर. मनातलं जाणून घ्यायचं तर माणसाला विचारा. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. सापाला आपली मनं कळत नाहीत हो. त्याला फक्त चिमटा कळतो."

ऑर्विल पुढे सरकला. "नॅडीन, मी घाबरलो गं."

"सापही घाबरला, ऑर्विल. त्याने शेपूट वर तरी केलं. तू घातलंस."

पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याने सरळ तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुला माझ्याशी लग्न करायचंय का?"

"करायचं होतं," नॅडीन म्हणाली, आणि बरणीतला सापही बादलीत घेऊन, सगळ्यांना सोडायला ओढ्याकडे निघून गेली.