चारपर्यंत उठवू नका

घराला आग लागली तरी मला उठवायचं नाही, असं मी आत्यांना बजावलं होतं. सासूला मी आत्याच म्हणते. बजावलं कसलं, किंचाळलेच होते.

आता माझंही ऐका. श्रीरामपुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी आयसीयूत नर्स आहे. दोन मुली नोकरी सोडून गेल्या आणि सलग नऊ नाइट माझ्या गळ्यात पडल्या. रात्री आठ ते सकाळी आठ हे म्हणायला, उरलेली कामं उरकून घरी यायला दहा वाजायचे. डोळा लागला की कानात मॉनिटर वाजायचे, दचकून उठायचे आणि अंथरुणात सलाइनची नळी शोधायचे. तिसऱ्या नाइटला तर भरलेली सिरिंज हातात धरून उभ्याउभ्या झोपले. पेशंटच्या बायकोनं हलवलं म्हणून बरं. त्याच सकाळी घरी येऊन पडले, जरा कुठे डोळा लागतोय तोच कुकरची शिट्टी झाली आणि माझं डोकंच फिरलं. नको नको ते बोलले. आत्यांनी गुपचूप गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून घरात कुकर बंद. आत्या भात पातेल्यात शिजवायला लागल्या. दाराबाहेर चटई टाकून काठी घेऊन बसायच्या. कुत्रं भुंकलं की काठी, पोरं ओरडली की काठी. भाजीवाला छगन आमच्या दारावरून तोंड मिटून जायचा आणि कोपरा ओलांडला की मगच 'मेथीऽऽ' करायचा. दवाखान्यातून मला लवकर बोलवायला फोन आला, तर आत्यांनी इन्चार्ज सिस्टरलाच झापलं, "माजी सून झोपलीया. मशीन हाय व्हय ती?" शेजारच्या अख्तरीनं मला हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. आत्यांना 'चुकलं माझं' म्हणायचं मात्र राहून गेलं. सुट्टी मिळाली की निवांत बोलू, असं म्हटलं.

नववी नाइट करून आले. मोबाईल रोजच्यासारखा आत्यांकडे दिला, घड्याळात चारचा गजर लावला आणि पडले. काय झोप लागली म्हणून सांगू! ना मॉनिटर, ना स्वप्न. चारला उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं. आज चहा आपण करावा, आत्यांना हातात नेऊन द्यावा, म्हणून दार उघडलं.

आत्या चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान कलली होती. मनगट धरलं आणि कळलं. तरी त्यांना आडवं करून छाती दाबत राहिले, अख्तरीनं मला ओढून बाजूला काढेपर्यंत.

"दोनला आले तर घामानं भिजल्या होत्या," अख्तरी रडत सांगत होती. "पाठीत कळ, डाव्या हातातपण. मी म्हटलं, मोनिकाला उठवते. तर माझा हातच धरला. म्हणाल्या, 'पित्त हाय गं. चारला उठंल ती, तवर काडते कळ. नऊ राती जागलीया पोर.' मी सोडा आणून दिला. बरं वाटतंय म्हणाल्या, म्हणून घरी गेले गं मी."

घाम, पाठ, डावा हात. अहो, पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं ते. दवाखाना दहा मिनिटांवर. आणि मी दाराच्या आत होते, आत्या! एक हाक मारायची होती. मला माझा राग येतो आणि, खोटं कशाला बोलू, त्यांचाही येतो.

आत्यांना माती देऊन आठ दिवस झाले. दवाखान्यानं रजा दिलीय, झोप घे म्हणाले. नवरा, अमृत, कारखान्यावर जातो. दुपारी घरात मी एकटी, डोळे टक्क उघडे.

काल बाहेर हातगाडीची चाकं वाजली. दारासमोर आली तरी आवाज नाही. मी धावत बाहेर गेले.

"छगन, ओरड की रे मेल्या! कुणासाठी गप्प बसतोस?"

त्यानं गाडी थांबवली, खाली बघत म्हणाला, "ताई, म्हातारीनं शपथ घातली हुती. तुमच्या नाइट संपल्या का न्हाई, मला कुनी सांगितलंच न्हाई."

"संपल्या," मी म्हटलं. आत्यांची चटई अजून कुणी उचलली नव्हती, तिच्यावर जाऊन बसले आणि रडले.