अंगणवाडीमागचं टेकाड

लालासाहेब सुभेदाराचं नाव निघालं की विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. का जाऊ नये? तीस वर्षं पलटणीत काढून आलेला हा गडी गावालाच कवायत शिकवायला निघाला होता.

विजयमाला अंगणवाडीची बाई. मागच्या अंगाला गावतळ्यातल्या गाळाचं टेकाड होतं, त्यावर झुकलेली चिंचेची एक फांदी. तेवढंच. पण तिची बावीस पोरं चढायला, पडायला, भांडायला आणि भांडण मिटवायला तिथंच शिकली. सुभेदाराची नात क्रांती आली तेव्हा मोबाइल काढून घेतला की जमिनीवर लोळायची. महिन्याभरात ती फांदीला लोंबकळायला लागली.

मग ती पडली आणि हनुवटीला दोन टाके पडले. म्हातारा हात धुऊन विजयमालाच्या मागं लागला. ग्रामसभेत तिला निष्काळजी म्हणाला, छावणीतल्या स्वच्छतेचं पुराण लावलं आणि टेकाड सपाट करून सिमेंटचे ब्लॉक बसवायचा ठराव करून घेतला. टाके निघायच्या आधीच पोरगी परत फांदीवर चढलीय, हे विजयमालानं उठून सांगितलं. लोक हसले, पण हात सुभेदाराच्याच बाजूनं वर झाले. मेली लाज कुणाला नव्हती.

सुभेदारानं जेसीबी बोलावला तो नेमका बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या दिवशी. बैलाच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवत नाहीत, हे तीस वर्षं बाहेर काढलेला माणूस विसरला होता. गुंडा नावाच्या जेसीबीवाल्यानं मशीन धुऊन, त्याला बैलाच्या शिंगांना लावायचा हिंगूळ फासून हार घातला होता. ते आज जाग्यावरनं हलणार नाही, उद्या बघू, असं त्यानं तोंडावर सांगितलं.

तो एक दिवस पोरांना मिळाला. बावीसही जणांनी टेकाडातल्या मातीचे बैल केले. क्रांतीचा बैल एका शिंगाचा झाला. घरी आजी चंद्राबाईनं तो पाटावर मांडला, पुरणपोळीचा निवद दाखवला आणि सुभेदाराला पाया पडायला लावलं. तोही पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडानं मशीन लावलं. विजयमाला बाजूला उभी होती. बैल पोटाशी धरून क्रांती आली.

"आबा, जिथली माती तिथंच सोडायची, आजी म्हणली. आता ह्याला कुठं सोडू?"

सुभेदारानं बैलाकडं बघितलं. काल त्याला लावलेलं कुंकू अजून तसंच होतं. मग त्यानं थांबायचा हात केला आणि गुंडानं मशीन बंद केलं.

"पोरगी परत पडली तर तुमाला सोडत न्हाई, बाई."

"पडंल की," विजयमाला म्हणाली. "पडल्याबिगर चढायला कोण शिकलंय?"

क्रांती तोवर टेकाडावर पोचली होती. सुभेदार रामराम न करताच निघून गेला. विजयमालानंही केला नाही.