अळिवाच्या रानात अडलेला घोडेस्वार

मी घोडेस्वार बोलतोय. हसू नका! मातीचा असलो तरी माझ्या मिशा एकदा बघून घ्या. घोडा चौखूर उधळलेला आहे, असं पूर्वी म्हणत. आता तीनच खूर उरलेत, पण उधळलेला आहे हे नक्की.

माझा जन्म भोरच्या कुंभारआळीतला. चिमाजी कुंभाराने दिवाळीच्या गडबडीत मला घडवलं, भट्टीतून जरा लवकरच काढलं आणि पिवळा अंगरखा चढवून बाजारात मांडलं. मी आणि घोडा एकाच गोळ्याचे, त्यामुळे आमचं कधी भांडण नाही. शेजारी ढाल-तलवारवाल्या मावळ्यांची रास होती. मी ढुंकूनही पाहिलं नाही. पायी चालणारी माणसं ती, त्यांच्याशी काय बोलायचं?

मला घेतलं नारायणरावांनी, म्हणजे अप्पांनी. दिवसभर कचेरीत टाक चालवायचा आणि घरी आलं की मातीच्या फौजा हलवायच्या, असा हा गृहस्थ. दिवाळीचा किल्ला सगळीकडे पोरं करतात. इथे तो अप्पा करत आणि त्यावर चक्क लढाई खेळत! समोर त्यांची लेक कुंदा.

नियम सगळे अप्पांचे. पायदळ कुठेही एक वीत चालणार. घोडा सपाटीवर तीन विती, चढावर एक आणि रानात फक्त चार बोटं. रान कशाला म्हणायचं? ‘घोड्याच्या पोटाला लागेल ते रान,’ असं अप्पांनी मोठ्या ऐटीत ठरवून टाकलं होतं. चकमक झाली की कवड्या टाकायच्या, उताण्या जास्त पडतील त्याची सरशी. उंचावर असेल त्याला एक कवडी जादा, सपाटीवरून दौडत आलेल्या घोड्याला दोन. ऐकूनच माझी छाती फुगली.

छत्तीस सालची दिवाळी. कुंदा मॅट्रिकला बसणार होती आणि पुढे तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. अप्पांच्या डोक्यात आंबवड्याचं एक स्थळ घोळत होतं. घरात नुसती धुसफूस. शेवटी अप्पा म्हणाले, “लढाईत ठरवू. दिवेलागणीच्या आत माझा एक जरी घोडेस्वार गडाच्या दरवाजात पोचला, तर आंबवड्याच्या मंडळींना बोलावणार.”

“आणि नाही पोचला तर?”

“तर पुणं.”

“शब्द?”

“शब्द!”

गड तोरण्यासारखा उंच, पण अप्पांनी पायथ्याला मैदान ऐसपैस ठेवलं, खास आम्हा घोड्यांसाठी. शोभेला त्यावर अळीव पेरला, जसा सगळेच पेरतात. पाणी घालायचं काम कुंदाकडे. पोरगी काय आज्ञाधारक! सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. अप्पा कौतुकाने बघत. मीही मान डोलावली असती, पण ती वळत नाही.

लढाईच्या दिवशी कवड्या टाकायला किकवीच्या सखूबाई बसल्या. त्या रोज दूध घालायला येत. बापलेकींचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून तिसरं माणूस हवं होतं. कुंदाचे मावळे गडावर दाटीवाटीने उभे. अप्पांनी मला उचललं, तीन विती मोजल्या आणि थेट मैदानात ठेवलं.

मला काही दिसेना! सगळीकडे हिरवं.

“अप्पा, थांबा. हे रान आहे,” कुंदा म्हणाली.

“रान कसलं? अळीव आहे तो!”

सखूबाई जमिनीला गाल टेकवून बघायला लागल्या. “आवो अप्पा, पोटाला काय, पार खोगिराला लागतंय की! चारच बोटं न्या.”

“नियम तुमचाच आहे,” कुंदा गोड हसून म्हणाली.

चार बोटं! माझ्यासारख्या सरदाराने गोगलगायीच्या चालीने जायचं? तोवर मावळे टणाटण उतरून काठाच्या उंचवट्यावर येऊन बसले. माझ्या दोन घोडेस्वार भाऊबंदांनी रानातूनच चढावर धडक दिली. सपाटी नाही, म्हणून दौडीच्या दोन कवड्या गेल्या आणि मावळ्यांना उंचीची एक मिळाली. दोघेही आडवे.

अप्पांना घाम फुटला. उन्हं कलली होती. “बाजूने काढतो,” म्हणत त्यांनी मला शेजारच्या भाताच्या खाचरात घातलं. वेल्ह्याकडे असतात तसे बांध घालून त्यांनीच ते हौसेनं केलं होतं. कुंदाचं सगळं पाणी तिथेच मुरलेलं. बुडालो पोटापर्यंत!

“आवो, खाचरात कुनी घोडं घालतं व्हय?” सखूबाई हसून हसून लोळायच्या बाकी. “हितं बैल बी रडत्यात!”

अप्पांनी मला उपसलं, तेव्हा चिमाजीची घाई उघडी पडली. एक पाय चिखलातच विरघळून गेला. अप्पांच्या नाकापर्यंत चिखल, धोतराची दैना. इतक्यात आतून समई आली.

“दिवं लागलं, अप्पा,” सखूबाई म्हणाल्या.

अप्पांनी गडाच्या दरवाजाकडे एकदा पाहिलं. मग त्यांना असं हसू फुटलं की डोळे पुसावे लागले. त्यातले अश्रू हसण्याचे किती आणि दुसरे किती, ते मी विचारलं नाही.

कुंदा मॅट्रिक झाली. निघताना अप्पांनी मला तिच्या ट्रंकेत लुगड्यांमध्ये ठेवलं आणि म्हणाले, “हरलेला सरदार बरोबर असू दे. जिथे जाशील तिथली जमीन आधी बघशील.”

आज कुंदा पुण्यात मुलींना शिकवते आणि मी तिच्या टेबलावर तीन पायांवर डौलात उभा आहे. दर दिवाळीला आम्ही भोरला येतो. अप्पांना अजून सूड घ्यायचा आहे. यंदा त्यांनी मैदानात मुद्दाम काहीच पेरलं नाही, नुसती कोरडी रांगोळी पसरलीय. उद्या लढाई, आणि माझा तर आनंद पोटात मावत नाहीये.

तुम्हीही दिवाळीत किल्ला कराल, तेव्हा आमच्यासाठी थोडी मोकळी जागा ठेवा. आणि गडावरच्या त्या मावळ्यांना माझा मुजरा सांगा. जिंकले ते. पण पुण्याला मी गेलो!