चिंतामणीच्या घोरण्याची नॉनस्टॉप कॅसेट

चिंतामणीचं घोरणं साधंसुधं नव्हतं. शहाण्णव साली अंबरनाथ पूर्वेची आमची बिल्डिंग नवी होती आणि बिल्डरने सिमेंट हात आखडून घातलं होतं. रविवारी दुपारी जेवून चिंतामणी आडवा झाला की खालच्या मजल्यावरच्या वेणूबाईंचे डबे फळीवरून सरकत सरकत कडेला यायचे. त्या काळात चिखलोलीची कुत्री बदलापूरला राहायला गेली, तीही याच्यामुळेच. खोटं वाटत असेल तर बदलापूरला जाऊन कुत्र्यांना विचारा.

त्याची बायको वृंदा मात्र आवाजाला भीत नव्हती. ती भ्यायची आवाज थांबायला. घोरता घोरता हा गडी मधेच गप्प व्हायचा. छाती वरखाली व्हायची, पण नाकातोंडातून वाऱ्याची झुळूक नाही. ओठ जांभळे पडायचे. वृंदा गदागदा हलवायची, तेव्हा बुडता माणूस वर यावा तसा तो हापकन श्वास घ्यायचा, की पुन्हा वेणूबाईंचे डबे निघाले! या राखणीत त्या बाईला कित्येक वर्षं धड झोप मिळाली नव्हती.

चिंतामणी केमिकल कारखान्यात ऑफिसर. मीटिंगमध्ये पेंगायचा, हातात घास धरून पेंगायचा, आणि वर आम्हालाच विचारायचा, "मी घोरतो? मग मला कसं कधी ऐकू आलं नाही?"

कान-नाक-घशाच्या डॉक्टर कुमुदिनीबाईंनी वृंदाला सांगितलं होतं, "यांची झोप टेप करून आणा. मधे श्वास थांबत असेल तर मुंबईला मोठ्या इस्पितळात पाठवू. तिथे झोपेची तपासणी करतात."

चिंतामणीने लगेच अट घातली. "टेप ऐकून बाई 'जा' म्हणाल्या तर जातो. नाही म्हणाल्या तर घोरण्याचा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये. कबूल?"

"कबूल," वृंदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

रविवारी तिने त्याला मटण-वडे चापून खायला घातले आणि शेजारी म्हणून माझ्याकडून मागून नेलेला टू-इन-वन उशाशी लावला. घोरणं, शांतता, घोरणं, शांतता, सगळं झकास टेप झालं. आणि शेवटी माझ्या टेपने कॅसेट खाल्ली! ती गुंतलेली फीत घेऊन वृंदा उल्हासनगरला परसरामच्या दुकानात गेली. त्याने फीत सोडवून, जोडून, नवी कॉपी काढून दिली.

आता परसराम म्हणजे मालाला पक्का. कव्वाली असो की कीर्तन, कॉपी करताना मधली रिकामी जागा तो काढून टाकायचा. गिऱ्हाइकाने फुकटची खरखर का ऐकावी? चिंतामणीच्या घोरण्यात तर त्याला भोकंच भोकं सापडली. बिचाऱ्याने दिवसभर बसून एकूण एक बुजवलं आणि कव्हरवर स्केचपेनने लिहिलं, 'नॉनस्टॉप'. वृंदाने घाईत कॅसेट पर्समध्ये टाकली. ते अक्षर तिने वाचलंच नाही.

दवाखान्यात टू-इन-वन उचलून न्यायला मी सोबत होतो. बटण दाबलं. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र. मधे टाचणीएवढी फट नाही. बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटलं, गल्लीत रोडरोलर आला.

बाईंनी बराच वेळ कान देऊन ऐकलं. "आवाज मोठा आहे," त्या म्हणाल्या, "पण श्वास तर कुठे थांबत नाही. वजन उतरवा, कुशीवर झोपा, संध्याकाळची घेत असाल तर बंद करा. मुंबईची गरज दिसत नाही."

"ऐकलंस?" चिंतामणी खुर्चीत रेलला. "विषय संपला."

"अहो, पण थांबत होता! मी स्वतः टेप केलंय!" वृंदाने पर्समधून कॅसेटचं कव्हर काढलं, वाचलं, आणि कपाळाला हात लावला. "भाऊजी, त्या परसरामने माझ्या नवऱ्याचा श्वास जोडून दिला हो!"

"आता दुकानदारावर ढकल," चिंतामणी म्हणाला आणि विजयी वीरासारखा हाताची घडी घालून टेप ऐकू लागला.

ऐकता ऐकता डोळे मिटले. मान मागे पडली. आणि टेपच्या सुरात सूर मिळवून स्वारी चालू झाली. काय ती जुगलबंदी! काचेच्या कपाटातले चिमटे नाचायला लागले. बाई काही बोलणार, एवढ्यात एक गवई गप्प झाला.

टेप घोरत होता. चिंतामणी नव्हता.

"टेप बंद करा," बाई हळूच म्हणाल्या. मी केला. चिंतामणीचं पोट आत-बाहेर होत होतं, ओठांचा रंग उतरत चालला होता. वृंदा उठली, तिला बाईंनी थांबवलं आणि स्वतःच त्याचा खांदा धरून हलवला. त्याने असा काही श्वास ओढला की भिंतीवरच्या कॅलेंडरचा पुढचा महिना निघाला आणि कंपाउंडर दारातून खेचल्यासारखा आत आला.

"बंद का केलात?" चिंतामणी दचकून म्हणाला. "मी ऐकतोय ना!"

"काय ऐकताय? आत्ता माझ्यासमोर तुमचा श्वास बंद पडला होता. झोपेत घसा सैल पडून वाट बुजते, मेंदू दचकवून तुम्हाला उठवतो, म्हणून दिवसा पेंगता. याने रक्तदाब वाढतो, हृदयाला त्रास होतो. मुंबईला जायचंय. चिठ्ठी देते."

चिंतामणीने माझ्याकडे पाहिलं. "खरंच थांबला होता?"

"अरे, मी तुझ्या तेराव्याला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवत होतो," मी म्हणालो.

त्याने ओठ चाचपून पाहिले. मग म्हणाला, "जातो. शब्द दिलाय."

हे ऐकायला वृंदा जागी कुठे होती? 'मुंबईला जायचंय' एवढं कानावर पडलं आणि भिंतीला डोकं टेकून ती जी झोपली, ती बाईंनी पुढचा पेशंट तपासला तरी उठेना. चिंतामणी उठवायला निघाला तर बाईंनी डोळे वटारले. मग तो तिच्या शेजारी बसून राहिला आणि थोड्याच वेळात त्याचीही मान कलली.

आता वृंदा झोपलेली, म्हणून श्वास थांबला की तिच्या नवऱ्याला चिमटे काढत बसणं माझ्याकडे आलं.