एक्केचाळीस नंबरची काच

मी एक जुनी काचपट्टी आहे, बोटभर लांब. भिवंडीच्या एका दवाखान्यातल्या लाकडी पेटीत, अरुंद खाचेत उभी. मित्रांनो, मला हलता येत नाही.

१९७४ साली जवळच्या वडपे गावची हौसा तपासणीला आली. नर्स कमळाताईंनी तिच्या गर्भाशयाच्या तोंडावरचा थोडा स्राव माझ्यावर पसरला. कर्करोगाची सुरुवात त्यात दिसते.

"माझा फोटू निघंल का गं बाय यात?" हौसाने विचारले.

"निघेल. पण भिंतीवर लावता येणार नाही."

दोघी हसल्या. मग मला रंगात बुडवून माझ्यावर पातळ काच चिकटवली. त्याआधीच शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमचा कापूस खिडकीतून उडत आला होता. त्याचा पुंजका माझ्यासोबत कायमचा बंद झाला.

तपासनीस रघूने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले. "लूमचा कापूस," तो पुटपुटला आणि त्याने वहीत लिहिले: दोष नाही.

दोष होता. पुंजक्याखालीच काळपट, वेड्यावाकड्या पेशी होत्या. मी ओरडणार कशी?

नियम असा होता की प्रत्येक दहावी काच डॉक्टर पार्वतीबाई पुन्हा पाहत. माझा नंबर एक्केचाळीस. त्यांनी चाळिसावी काच उचलली. माझी खाच शेजारचीच, पण तिथवर हात येणार नव्हता.

चाळिसाव्या काचेवरही कापूस निघाला. खाली काही नव्हते, तरी बाई थांबल्या.

"रघू, हे काय?"

"बाई, भिवंडी हाय ही. चहातपण कापूस येतो."

"चहा गाळून पितोस ना? कापूस म्हणून अशा किती काचा सोडल्यास?"

बाईंनी अख्खी पेटी पुढे ओढली. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हळूच फिरवला. कापूस धूसर झाला आणि खालच्या पेशी स्पष्ट दिसल्या. त्यांनी दोषाची खूण म्हणून माझ्यावर शाईचा ठिपका दिला. हौसाला बोलवायला रघू स्वतः सायकल काढून वडप्याला गेला.

हौसावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी ती पेटीपाशी आली.

"हाच का माझा फोटू?"

"हाच," रघू म्हणाला. "तुम्हाला न्यायचाय का?"

"नको रे बाबा. ऱ्हाऊ दे हितंच."

मित्रांनो, एखादी गोष्ट रोजचीच वाटली, तरी तिच्याखाली काय आहे ते एकदा पाहा. त्या पेशी अजून माझ्यात कोंडलेल्या आहेत. हौसा मात्र पायऱ्या उतरून घरी गेली.