ओळीतली रोपं

टेलरबाईंनी ट्रेवरचं झाकण उचललं. काल ताठ उभी असलेली डेझीची रोपं झाडून सगळी आडवी झाली होती. मातीलगत देठ काळे पडून दोऱ्यासारखे बारीक झाले होते.

लेक मावशीबरोबर डॉक्टरांकडे गेली होती. दुपारपर्यंत यायची.

तिला दवाखान्यातून घरी आणल्यापासून टेलरबाई तिच्या गोळ्या शिलाई मशीनच्या खणात कुलूप लावून ठेवत. पुन्हा तो प्रसंग नको होता. लेक कामावर जात नव्हती, फोन घेत नव्हती, विचारलं तेवढंच बोलायची. मग एके दिवशी तिनं आपणहून बियांचं पाकीट मागवलं. एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं, असं त्यावर छापलं होतं. तिनं मातीत वाळू मिसळली, बारीक बी वरूनच विखरून बोटानं दाबलं. "वर माती नाही घालायची, याला उजेड लागतो," ती म्हणाली तेव्हा टेलरबाईंना त्या माहितीपेक्षा तिच्या आवाजाचंच अप्रूप वाटलं. कोंब दिसले त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

"वरून पाणी घालू नकोस हं, आई. माती सुकली की मी ट्रे पाण्यात ठेवीन, खालून ओढून घेईल ती," असं तिनं बजावलंही होतं. पण लेक गोळी घेऊन झोपली की टेलरबाईंना राहवायचं नाही. एवढीशी पोरं ती, तहानेनं गेली तर? रोज दुपारी त्या हलकेच पाणी शिंपडायच्या आणि झाकण घट्ट लावून ठेवायच्या.

आता त्या हातातलं काम टाकून नर्सरीत धावल्या.

"पाणी जास्त झालं, बाई," नर्सरीवाला म्हणाला. "नवीन माणसं हेच करतात."

त्यांनी तेवढीच डेझीची रोपं घेतली, घरी येऊन मेलेली उपटली आणि पेन्सिलीनं भोकं पाडून नवी लावली. नेमका जिन्यात मावशीचा आवाज आला. "उद्या येते गं," म्हणून ती खालूनच परतली.

लेक चपला न काढताच खिडकीशी गेली. टेलरबाई मशीनवर बसून दोरा ओवत राहिल्या. दोरा काही ओवला जाईना.

"ही कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? तुझीच आहेत की."

"आई, ओळीत आहेत ती. टीप घातल्यासारखी."

टेलरबाईंनी दोरा खाली ठेवला. "माझ्या हातून मेली गं. तू नको म्हणत असताना पाणी घातलं मी. वाटलं, तुला कळलं तर तू पुन्हा…"

लेक खोलीत गेली आणि दार लागलं. टेलरबाई दाराबाहेर जमिनीवर बसल्या. हाक मारायचीही त्यांना भीती वाटत होती. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी दाराला कान लावला, मग स्वतःचीच लाज वाटून काढून घेतला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. लेकीचे डोळे सुजले होते.

"अशी का बसलीस?"

"अशीच."

लेक त्यांच्यासमोर खाली बसली. "तू रोपं मारलीस त्याचं काही नाही. पण तू असं खोटं बोलतेस ना, तेव्हा मला वाटतं, मी खरंच कामातून गेले."

टेलरबाईंनी मान खाली घातली. "नाही बोलणार."

"उद्या ती रोपं कुंडीत लाव. त्यांचा काय दोष?" लेकीनं मुठीतलं पाकीट उघडून आत पाहिलं. "बी उरलंय थोडं. दुसरा ट्रे धुऊन घेऊ, माती नवी घालू."

"आणि फुलं कधी यायची?" काहीतरी विचारायचं म्हणून टेलरबाईंनी विचारलं.

"यंदा नुसती पानं. फुलं पुढच्या वर्षी," लेक सहज म्हणाली आणि रिकामा ट्रे शोधायला उठली.

'पुढच्या वर्षी,' टेलरबाईंनी ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. मग भिंतीला धरून त्या उभ्या राहिल्या आणि लेक बी विखरत होती तोवर, हलू नये म्हणून, ट्रे दोन्ही हातांनी धरून ठेवला.