अर्ध्या तेजोमेघाची दुर्बीण

मी दुर्बीण आहे. आठ इंची आरशाची, पांढऱ्या नळीची आणि सध्या अतिशय संतापलेली. वस्तूंनी आपली कहाणी सोशिकपणे सांगावी असा संकेत आहे. तो मी पाळणार नाही.

माझा आरसा पुण्यातल्या एका लहानशा कार्यशाळेत तयार झाला. काचेवर काच फिरवत, हाताने घासून त्याला बाक आणला गेला. तिथून मला रत्नमालाने आपल्या शहरात, घरी आणलं. ती महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पुंडलिकनगरातल्या तिच्या घरामागे छोटं अंगण आहे. त्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर तिने माझ्या तिपाईच्या पायांसाठी खाचा कोरून घेतल्या, म्हणजे मला दर वेळी नेमकं त्याच जागी उभं करता यावं.

शहरातली हौशी मंडळी अमावस्येला अजिंठ्याकडच्या माळावर आकाश पाहायला जात. रत्नमालाने विचारलं, तेव्हा त्यांच्यातले एक ज्येष्ठ अदबीने म्हणाले, "मॅडम, रात्रभर उघड्यावर राहणं असतं. लेडीजची सोय कुठं करायची?" तिने वाद घातला नाही. माळावरून ही मंडळी जो तेजोमेघ कॅमेऱ्यात टिपतात तोच आपल्या अंगणातून टिपायचा, आणि पूर्ण टिपायचा, असं तिने ठरवलं. मी घरात आले ती या निश्चयापायी.

मृग नक्षत्राच्या पूर्वेला गुलाबाच्या आकाराचा तो तांबडा तेजोमेघ आहे, चमकत्या वायूचा ढग. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याच्यावर मला जोडलेला कॅमेरा मिनिटामागून मिनिट उघडा ठेवावा लागतो आणि अशी पुष्कळ छायाचित्रं एकावर एक रचावी लागतात, तेव्हा कुठे पाकळ्या उमटतात. तो इतका पसरलेला आहे की माझ्या एका चौकटीत मावत नाही. म्हणून आधी डावा अर्धा घ्यायचा, मग उजवा, आणि शेवटी दोन्ही जोडायचे.

डावा अर्धा दुष्काळाच्या हिवाळ्यात टिपला गेला. पावसाळा कोरडा गेला होता, हवेत ओल नव्हती, माझ्या आरशावर दव धरत नव्हतं. गल्ली ज्या आभाळाला शिव्या घालत होती, त्याच आभाळावर मी खूश होते. गल्लीत पिवळे दिवे होते, पण पिवळा उजेड गाळणीने बराचसा गाळता येतो. रत्नमालाचा नवरा गोकुळ रोज सकाळी संगणकाच्या पडद्यावर वाकून म्हणायचा, "आज किती उमललं?" आणि सासूबाई मनकर्णाबाई खंडेनवमीला माझ्या नळीला कुंकू लावून म्हणाल्या होत्या, "आरशाला हात नाय लावला गं रत्ना, भिऊ नको."

त्याच हिवाळ्यात टँकर अंधार पडल्यावर यायचा. कोपऱ्यावरच्या अंधारात, चिखलात घसरून शेजारच्या दगडाबाईंचं मनगट मोडलं. मग गोकुळ आणि शेजारी नगरसेवकाकडे दिवा मागायला गेले. दिवा हवाच, असं रत्नमालाही म्हणाली. ती न्यायाने वागली, याचा मला आजही राग येतो.

दिवा आला तो उंच खांबावर, पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचा, चार तोंडांचा. त्यातलं एक तोंड थेट आमच्या अंगणात. पांढरा उजेड तसा गाळता येत नाही. त्यात सगळेच रंग मिसळलेले असतात. तो लागला त्या रात्री टिपलेल्या चौकटीत तेजोमेघ नव्हता, नुसतं दूध सांडलेलं होतं.

नगरसेवकाचा कारभारी नावाचा माणूस खांबाची पाहणी करायला आला, तेव्हा रत्नमालाने त्याला गाठलं.

"दिवा बंद करा असं मी म्हणत नाही. हे एक तोंड खाली वळवा, वर टोपी बसवा. उजेड रस्त्यावर पडेल, म्हणजे तुमच्याच कामाचा."

"आता लाईटला बी घुंगट काढायला लावता का, मॅडम?" कारभारी हसला. टँकरच्या रांगेतल्या बायकाही हसल्या.

दगडाबाई हसल्या नाहीत. प्लास्टरमधला हात पुढे करून त्या म्हणाल्या, "तुमच्या चांदण्यापायी आम्ही हातपाय मोडून घ्यावं व्हय?"

"नाही दगडाबाई, तुमच्या पायाशी जास्त उजेड येईल, म्हणून तर..."

"ऱ्हाऊ द्या."

तोंड वळलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, नळाला पाणी आलं, टँकर बंद झाला. दिवा राहिला. आता त्याच्या खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लागतात. रात्रभर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तरी हात जोडून हसणारे चेहरे उजळत राहतात. त्याचं पाहून समोरच्या नव्या इमारतीनेही गच्चीवर झोत बसवले. विश्व पाहण्यासाठी जन्मलेल्या मला वाढदिवसाची पोस्टरं तेवढी स्पष्ट दिसतात!

तरीही रत्नमालाने कित्येक हिवाळे उजवा अर्धा टिपला. तिच्या एका विद्यार्थिनीने, श्रेयाने, सुचवलं, "मॅम, सॉफ्टवेअरमधून बॅकग्राउंड काढू ना. नाहीतर डावी बाजू उलटवून जोडू. कुणाला कळणारे?"

"मला कळेल," रत्नमाला म्हणाली, आणि तिने दोन्ही अर्धे होते तसे जोडले. डावीकडे तांबड्या पाकळ्या, उजवीकडे फिकट पांढरा चिखल, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ.

"तुझ्या मामाच्या गावाहून उजवा अर्धा घे की. मी नेतो तुला," गोकुळ म्हणाला.

"ते चित्र तिथलं होईल, गोकुळ. माझं आकाश इथं होतं."

आज मला अजिंठ्याच्या शाळेला देऊन टाकलं जात आहे. रत्नमालाचा मामेभाऊ अजिनाथ तिथे शिकवतो. तो जीप घेऊन आला आहे. "ताई, आमच्याकडं अजून अंधार हाय," तो कौतुकाने म्हणाला. त्यातला 'अजून' मला टोचला. लोक याला दान म्हणतील. ही हद्दपारी आहे. अंधार लागतो एवढ्या गुन्ह्यासाठी मला शहराबाहेर काढलं जात आहे, आणि हे शहर त्याला विकास म्हणतं. दिवे विझवा असं मी कधीच म्हटलं नाही. ते खाली वळवा! माणसं खाली चालतात, खाली पडतात. वर कोणाचं मनगट मोडतं?

मनकर्णाबाई तांदूळ आणि खण घेऊन आल्या. लेक निघाल्यासारखी त्यांनी माझी ओटी भरली, माझ्या नळीवर हात फिरवला, आणि ओंजळीतले चार दाणे नळीच्या तोंडातून आत घरंगळले.

"आई!" रत्नमाला ओरडली. इतक्या वर्षांत ती सासूवर प्रथमच ओरडली होती. मग खाली बसून तिने नळीचा तळ उघडला, रबरी फुंकणीने एकेक दाणा उडवला, आणि माझ्या आरशावर कुठे ओरखडा उठलाय का, हे ती विजेरी तिरपी धरून पाहत राहिली. अजिनाथने दोनदा हॉर्न वाजवला. ती उठली नाही.